एअर पिस्तुलापासून प्रॅक्टिकल पिस्तुलापर्यंत : टेक्सासमधल्या एका नवख्या स्पर्धकाचे प्रकरण

डॅलसजवळच्या एका क्लबात मी रेंज ऑफिसर, म्हणजे नेमबाजी चालू असताना आज्ञा देणारा आणि सुरक्षेवर लक्ष ठेवणारा, म्हणून काम करतो. प्रॅक्टिकल पिस्तूल नेमबाजीकडे वळणारी भारतीय मंडळी मला बहुतेक वेळा दोनच प्रश्न विचारतात : कुठले पिस्तूल घेऊ आणि सराव कसा करू? पुढे जी माहिती दिली आहे तिच्यात या दोन्हींची उत्तरे आहेत. पण या प्रकरणात खरा कस लागला तो वेगळ्याच ठिकाणी, आणि म्हणूनच ते सविस्तर लिहावेसे वाटले. संबंधित व्यक्तीच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत. घेतलेले निर्णय आणि त्यांचा क्रम जसाच्या तसा आहे.

पार्श्वभूमी

तिला आपण क्ष म्हणू. मूळची कोल्हापूरची, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, घरी नवरा आणि प्राथमिक शाळेतली मुलगी. कॉलेजात असताना ती दहा मीटर एअर पिस्तूल खेळायची. कोल्हापुरात नेमबाजी हा लोकांच्या बोलण्यातला खेळ आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवले, स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ आणले. क्ष राज्य स्पर्धेपर्यंत गेली होती. मग नोकरी, लग्न, परदेश, आणि पिस्तूल मागे पडले.

अमेरिकेत आल्यावर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने तिला यूएसपीएसएची, म्हणजे प्रॅक्टिकल पिस्तुलाची, स्थानिक स्पर्धा बघायला नेले. या खेळाचे मूळ १९७६ साली मिझुरी राज्यातल्या कोलंबिया गावी झालेल्या बैठकीत आहे. तिथे आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि जेफ कूपर तिचे पहिले अध्यक्ष झाले. यूएसपीएसए ही तिची अमेरिकी शाखा १९८४ पासून चालते. खेळाचे ब्रीद लॅटिन भाषेत आहे आणि त्यात तीन गोष्टी एकत्र मागितल्या आहेत : अचूकता, ताकद आणि वेग.

क्षने त्या दिवशी जे पाहिले ते तिच्या ओळखीच्या खेळापासून फार लांबचे होते. एअर पिस्तुलात नेमबाज एका जागी लक्ष्याकडे बाजू करून उभा राहतो, एक हात लांब करतो, दुसरा खिशात ठेवतो आणि ७५ मिनिटांत ६० गोळ्या झाडतो. दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे. इथे पिस्तूल दोन्ही हातांत, कमरेच्या होल्स्टरमधून ते बाहेर काढायचे, पुठ्ठ्याच्या आणि पोलादी लक्ष्यांवर झाडायचे, जाळीच्या भिंतींमागून पळायचे, पळता पळता काडतुसांचे मॅगझिन बदलायचे. पुठ्ठ्यावरचा सर्वोत्तम भाग, म्हणजे ए झोन, साधारण १५ सेंटीमीटर रुंद आणि जवळपास दुप्पट उंच. त्याभोवती सी आणि डी.

गुणांची पद्धत समजली की खेळ समजतो. स्टेजवर, म्हणजे लक्ष्यांच्या एका मांडणीवर, मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचे. जो आकडा येतो तो हिट फॅक्टर. सर्वांत जास्त हिट फॅक्टर असलेल्याला स्टेजचे पूर्ण गुण, बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात. लक्ष्य चुकले तर दहा गुण वजा, झाडू नये अशा पांढऱ्या लक्ष्याला गोळी लागली तरी दहा वजा.

अडचण

क्षला खेळायचे होते हे पहिल्याच दिवशी ठरले. पण तीन गाठी होत्या आणि त्या एकमेकींत अडकल्या होत्या.

पहिली कायद्याची. ती एच-१बी व्हिसावर होती. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९९८ पासून अशी तरतूद आहे की तात्पुरत्या, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या व्यक्तीने बंदूक किंवा काडतुसे बाळगणे गुन्हा आहे. विकत घेणेच नव्हे, बाळगणे. मित्राचे पिस्तूल रेंजवर हातात घेऊन झाडणे यालाही तोच नियम लावला जाऊ शकतो. शिक्षा १५ वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाची, आणि त्यानंतर देशात राहण्याचा हक्कही धोक्यात. आपल्यातल्या कित्येकांना हे ठाऊक नसते. वीकेंडला मित्रांबरोबर रेंजवर जाऊन फोटो टाकणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

दुसरी गाठ साहित्याची. या खेळात डिव्हिजन असतात, म्हणजे पिस्तुलाच्या प्रकारानुसार गट : ओपन, लिमिटेड, लिमिटेड ऑप्टिक्स, कॅरी ऑप्टिक्स, प्रॉडक्शन, सिंगल स्टॅक, रिव्हॉल्व्हर आणि आणखी काही. आधी गट ठरवला नाही तर घेतलेले साहित्य वाया जाते.

तिसरी गाठ तिच्या हातातली. तिला नेम येत होता. मात्र वर्षानुवर्षे अंगात मुरलेल्या सवयी दुसऱ्या खेळाच्या होत्या.

कोणते पर्याय तोलले

कायद्याच्या बाबतीत तिच्यासमोर चार वाटा होत्या. ग्रीन कार्डाची वाट पाहणे ही सर्वांत सुरक्षित, पण भारतात जन्मलेल्या अर्जदारांची रांग इतकी लांब की ती वाट म्हणजे जवळपास नकारच. दुसरी वाट एअर पिस्तुलाकडे परतण्याची; केंद्रीय कायद्याच्या लेखी एअर पिस्तूल हे अग्निशस्त्र नाही, त्यामुळे तिथे व्हिसाचा प्रश्नच येत नाही. तिसरी वाट सहकारी सुचवत होता : ‘माझं पिस्तूल वापर, कोण विचारतंय?’ ती वाट क्षने ऐकताक्षणीच बंद केली, आणि मला वाटते या संपूर्ण प्रकरणातला तो सर्वांत महत्त्वाचा निर्णय होता. चौथी वाट कायद्यातच आहे. अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदत न संपलेला शिकारीचा परवाना ज्याच्याकडे आहे, त्याला या बंदीतून सूट मिळते.

हे वाचून कुणी थेट परवाना काढायला जाऊ नये. क्ष आधी इमिग्रेशनच्या वकिलाकडे गेली. वकिलाने तिचे कागद पाहिले, सूट तिला लागू होते असे लेखी कळवले आणि एक गोष्ट दोनदा अधोरेखित केली : परवाना संपला त्या दिवशी सूट संपली. टेक्सासचा शिकारीचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो, तुम्ही तो कधीही काढलेला असो. फेब्रुवारीत काढला म्हणून पुढच्या फेब्रुवारीपर्यंत चालत नाही. १ सप्टेंबरला घरातल्या तिजोरीत पिस्तूल आहे आणि हातात नवा परवाना नाही, अशी स्थिती आली तर तो गुन्हा ठरतो. नव्या हंगामाचे परवाने ऑगस्टच्या मध्यापासून मिळू लागतात, त्यामुळे हे टाळणे अवघड नाही. लक्षात ठेवणे तेवढे लागते.

साहित्याबाबत घरात दोन मते होती. नवऱ्याचे म्हणणे, ‘अगं, एकदाच चांगलं घेऊन टाकू, परत परत खर्च नको.’ त्याने पाहून ठेवलेले पिस्तूल लिमिटेड ऑप्टिक्समधले, पोलादी चौकटीचे, हलक्या ट्रिगरचे आणि काही हजार डॉलरचे होते. क्षचा कल प्रॉडक्शनकडे, कारण तिथे लोखंडी साइट, म्हणजे नेम धरायची साधी खाच आणि टोक, असते आणि एअर पिस्तुलावर तिने आयुष्यभर तेच केले होते : नजर पुढच्या साइटवर, लक्ष्य धूसर. तिसरा पर्याय कॅरी ऑप्टिक्सचा. साधे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल, त्यावर रेड डॉट, म्हणजे लाल ठिपक्याने नेम दाखवणारी काच, आणि १४० मिलिमीटरपर्यंतचे मॅगझिन. स्थानिक स्पर्धांत सर्वाधिक गर्दी याच गटात होती, म्हणजे शेजारच्याकडून शिकायला आणि अडीअडचणीला मॅगझिन उसने घ्यायलाही सोपे.

काय केले

आधी काहीच विकत घेतले नाही. शिकारीच्या परवान्यासाठी वेगळा सुरक्षा अभ्यासक्रम आहे. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला तो सक्तीचा असतो. तिने तो पूर्ण केला, परवाना काढला आणि त्यानंतरच एका इनडोअर रेंजवर भाड्याचे पिस्तूल हातात धरले. दोन्ही प्रकार झाडून पाहिले. तिला वाटले होते लोखंडी साइट घरची वाटेल. झाले उलटे. दोन हातांच्या पकडीत, समोर तोंड करून उभे राहिल्यावर साइटवरचे जुने प्रभुत्व फारसे कामी येईना, शिवाय नजर सारखी लक्ष्यावर धावत होती. रेड डॉटमध्ये नजर लक्ष्यावरच ठेवायची असते. तिने कॅरी ऑप्टिक्स निवडले.

खर्च असा झाला : प्लास्टिक चौकटीचे पिस्तूल सहाशे-सातशे डॉलरच्या आसपास, डॉट त्याच्या निम्म्याहून कमी, कायडेक्स या कडक प्लास्टिकचे होल्स्टर, आतला आणि बाहेरचा असा दुहेरी पट्टा, चार मॅगझिन पाऊच, पाच मॅगझिन. डोळ्यांचा चष्मा आणि इलेक्ट्रॉनिक कानटोप्या ऑफिसच्या सहकाऱ्याने जुन्या दिल्या. नवऱ्याने पाहिलेल्या एकट्या पिस्तुलाच्या किमतीत हे सगळे आणि वर अनेक महिन्यांची काडतुसे बसली. स्थानिक स्पर्धेला पाच-सहा स्टेज म्हटले तरी दीडशेच्या आसपास काडतुसे लागतात. खरा खर्च तिथे असतो, पिस्तुलात नव्हे. नव्या माणसाला मी हे कळकळीने सांगतो.

गट ठरला की काडतुसांचा हिशेबही ठरतो. गोळीचे वजन ग्रेनमध्ये, वेग फूट प्रति सेकंदात, दोहोंच्या गुणाकाराला हजाराने भागायचे. हा पॉवर फॅक्टर, म्हणजे काडतुसाच्या ताकदीचे माप, किमान १२५ हवा. १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांच्या वेगाने गेली तर १३० येतो, म्हणजे बसते. दुकानात मिळणारी बहुतेक नऊ मिलिमीटरची काडतुसे यात सहज बसतात, त्यामुळे क्षने त्यावर डोके लावले नाही, ते योग्यच केले.

घरात तिजोरी आली. टेक्सासच्या कायद्याने १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणे हा गुन्हा आहे, पण तिला कायद्याची गरज नव्हती. घरात मुलगी होती. पिस्तूल तिजोरीत, काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात. सासूबाई कोल्हापूरहून आल्या होत्या. त्यांनी विचारले, ‘हे घरात कशाला गं?’ क्ष म्हणाली, ‘आई, मी कॉलेजात खेळायचे ना, तोच खेळ. किल्ली फक्त माझ्याकडे असते.’ खंडेनवमीला सासूबाईंनी शस्त्रपूजा करायचे ठरवले. पिस्तूल पाटावर ठेवायचे का, हा प्रश्न आला. क्षने नाही म्हटले आणि तिजोरीच्या बंद दारालाच हळदकुंकू वाहिले. सासूबाईंना ते पटले. तिजोरी कशासाठी उघडायची आणि कशासाठी नाही, हा नियम घरात त्या दिवशी पक्का झाला.

सराव मुख्यतः ड्राय फायरचा, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा. खोलीत एकही काडतूस नाही, भिंत ठरलेली, मुलगी झोपल्यानंतर. एअर पिस्तूल खेळलेल्याला या सरावाचे महत्त्व सांगावे लागत नाही. फरक ट्रिगरचा होता. एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा, तर तिच्या नव्या पिस्तुलाचा अडीच किलोच्या घरात. पहिले काही आठवडे प्रत्येक दाबाला डॉट खाली डावीकडे ओढला जाई. तो स्थिर झाल्यावर तिने होल्स्टरमधून काढण्याचा सराव सुरू केला, आधी कूर्मगतीने.

पहिली स्पर्धा

पहिल्या स्पर्धेला सहकारी बरोबर होता. त्याने तिला गाडीपासून सरळ सेफ्टी एरियाकडे नेले, तिथे तिने पट्टा बांधला, रिकामे पिस्तूल होल्स्टरमध्ये घातले आणि मग ती स्क्वाडमध्ये, म्हणजे स्पर्धकांच्या आपल्या तुकडीत, आली. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

आमचे रेंज ‘कोल्ड’ असतात. पिस्तूल रिकामे आणि होल्स्टरमध्येच. ते बाहेर काढायचे ते फक्त दोन ठिकाणी : स्टेजवर रेंज ऑफिसरच्या ‘मेक रेडी’ या आज्ञेनंतर, किंवा सेफ्टी एरियात, जिथे पिस्तूल हाताळता येते पण काडतुसाला हातही लावता येत नाही. झाडून झाले की ऑफिसर रिकामे दाखवायला सांगतो, घोडा पाडून होल्स्टरमध्ये घालायला सांगतो, आणि ‘रेंज इज क्लिअर’ म्हटल्यावरच लोक लक्ष्यांकडे जातात. मग सगळे मिळून भोके चिकटवतात, पोलादी पाट्या उभ्या करतात. क्ष चिकटपट्ट्यांची गुंडाळी घेऊन सर्वांत पुढे असायची. या खेळात नवख्याचे नाव असेच होते.

एका स्टेजवर खरा निर्णय आला. २४ गोळ्यांची स्टेज, उजवीकडून सुरुवात, मग डावीकडे धावत जाऊन उरलेली लक्ष्ये. मॅगझिन मध्येच बदलायला हवे होते. उजव्या हाताच्या नेमबाजाला डावीकडे पळताना मॅगझिन बदलणे हा सापळा असतो : शरीर डावीकडे वळलेले, मॅगझिन बसवण्यासाठी पिस्तूल आणखी डावीकडे वळते आणि नळीचे तोंड १८० अंशांची रेषा ओलांडून मागे, माणसांच्या दिशेला जाऊ शकते. रेषा ओलांडली की तिथल्या तिथे अपात्र. स्टेज चालून पाहताना बहुतेक जण पळत मॅगझिन बदलण्याची आखणी करत होते. क्षने माझ्याकडे पाहून विचारले, ‘दादा, उभ्या उभ्या बदलून मग पळाले तर चालेल ना?’ चालते. दोनेक सेकंद जातात. तिने ती जाऊ दिली. तिच्याच स्क्वाडमधल्या दुसऱ्या एका नव्या मुलाने जाऊ दिली नाहीत आणि तो तिथेच बाद झाला.

तिचे निकाल पाहून मात्र ती खट्टू झाली. जवळपास सगळ्या गोळ्या ए झोनमध्ये आणि नाव यादीच्या तळाला. हे कसे होते ते दाखवायला सोपे आकडे घेऊ. १२० गुणांच्या स्टेजवर एकाने ११६ गुण ५८ सेकंदांत मिळवले. हिट फॅक्टर २. दुसऱ्याने १०४ गुण २० सेकंदांत. हिट फॅक्टर ५.२. पहिल्याचे गुण जास्त, तरी त्याला स्टेजचे ३८ टक्केच. क्ष प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल किंचित खाली आणून श्वास घेत होती, एअर पिस्तुलात घेतात तसा. कुणीही तिला तसे करायला सांगितले नव्हते. हात आपणहून करत होता.

अपात्रता

दुसऱ्या स्पर्धेला सहकारी नव्हता. क्ष उशिरा पोचली. सुरक्षेच्या सूचना वाचून दाखवणाऱ्याने घाईत ‘नवीन कुणी आहे का?’ असे विचारले. तिने हात वर केला नाही, कारण ती नवीन नव्हती, एक स्पर्धा खेळली होती. पहिल्या स्टेजमागच्या टेबलावर तिने बॅग ठेवली, चेन उघडली, पिस्तूल बाहेर काढले आणि होल्स्टरमध्ये घालायला गेली. पिस्तूल रिकामे होते, तोंड मातीच्या बांधाकडे होते, बोट ट्रिगरपासून लांब होते. ऑफिसरने तिला थांबवले. सेफ्टी एरियाबाहेर, आज्ञेशिवाय पिस्तूल हाताळले : अपात्र. त्या दिवसाची स्पर्धा एकही गोळी न झाडता संपली.

ऑफिसरचा निर्णय नियमाप्रमाणे बरोबर होता आणि क्षने त्यावर वाद घातला नाही. पण हे का घडले ते नीट पाहायला हवे. भारतातल्या एअर पिस्तूल रेंजवर नेमबाज आपल्या क्रमांकाच्या जागी जातो, समोरच्या टेबलावर पेटी उघडतो आणि तिथेच पिस्तूल बाहेर काढतो. तिथे ते शिस्तीत बसते. क्षने शेकडो सकाळी हेच केले होते. समोर टेबल दिसले, हाताने पेटी उघडली. पहिल्या स्पर्धेत ती सेफ्टी एरियात गेली होती, पण कुणाच्या तरी मागून चालत गेली होती. ते पाऊल नियम म्हणून तिच्या डोक्यात शिरले नव्हते. ज्याने कधी पिस्तूल हाती धरलेले नाही असा माणूस बिचकत बिचकत विचारतो. जो आधी खेळलेला आहे तो विचारत नाही, आणि आपण त्याला सांगतही नाही, कारण त्याच्या हालचालीत आत्मविश्वास दिसतो. आमच्या क्लबने दोन्ही गोष्टी गृहीत धरल्या होत्या.

ती बाजूला बसली तेव्हा मी जवळ गेलो. ‘दादा, मी जाते घरी. लोक काय म्हणतील, बंदूक नीट धरता येत नाही हिला,’ ती म्हणाली. आपल्याकडे अपात्र ठरणे म्हणजे नाचक्की. इथे जुन्या खेळाडूंपैकी पुष्कळ जण कधी ना कधी अपात्र ठरलेले असतात आणि ते मोकळेपणी सांगतात. मी तिला एवढेच म्हटले की बाद झालेला माणूस उरलेल्या स्टेजवर चिकटपट्ट्या लावायला थांबला तर त्याला सगळे ओळखू लागतात. ती थांबली. संध्याकाळपर्यंत थांबली.

त्यानंतरचा निर्णय

तरीही पुढच्या महिन्याची नोंदणी तिने केली नाही. तिच्यासमोर पुन्हा पर्याय होते : सोडून देणे, एका हाताने शांतपणे झाडायच्या बुल्सआय प्रकाराकडे जाणे, किंवा स्टील चॅलेंज. ही शेवटची स्पर्धाही यूएसपीएसएच्याच छत्राखाली चालते. पाच पोलादी पाट्या, उभे राहायची जागा ठरलेली, धावाधाव जवळपास नाही. बहुतेक स्टेजवर पाच फेऱ्या, त्यातली सर्वांत वाईट फेरी सोडून द्यायची. पॉइंट दोन-दोन रिमफायर, म्हणजे छोट्या काडतुसाचे, पिस्तूल असेल तर होल्स्टरही लागत नाही. पिस्तूल खाली, ठरलेल्या खुणेकडे रोखून सुरुवात करायची.

मी बुल्सआय सुचवले होते. तिच्या नेमाला ते शोभले असते. तिने स्टील चॅलेंज निवडले आणि तिचे कारण माझ्यापेक्षा चांगले होते : ‘नेम मला येतोच. मला इथली शिस्त अंगात भिनवायची आहे, आणि पाटी वाजली की पुढे जायला शिकायचं आहे.’ पाटी वाजते किंवा वाजत नाही. मध्ये रेंगाळून मधोमध मारण्याला काही अर्थ उरत नाही. काही महिन्यांत प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल खाली आणण्याची सवय गेली. स्पर्धेच्या दिवशी गाडीतून उतरल्यावर कुठे जायचे, बॅग कुठे उघडायची, याचा क्रम तिने कागदावर लिहून बॅगेच्या झाकणाला आतून चिकटवला.

निष्पत्ती

ती परत आली. चार क्लासिफायर, म्हणजे वर्ग ठरवणाऱ्या, स्टेजचे गुण जमल्यावर तिला पहिला वर्ग मिळाला : कॅरी ऑप्टिक्समध्ये सी, म्हणजे राष्ट्रीय उच्चांकाच्या ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान. पहिल्याच वर्गवारीला सर्वांत खालचा डी वर्ग टाळणे ही चांगली सुरुवात आहे. तिच्या बाबतीत ते श्रेय लांबच्या लक्ष्यांना जाते. जिथे इतर जण डी झोन आणि चुका गोळा करतात तिथे ती अजूनही ए झोन मारते. जवळच्या लक्ष्यांवर आणि धावताना ती मागे पडते. पुन्हा अपात्र ठरलेली नाही.

कायद्याची गाठ सुटलेली नाही, ती दरवर्षी पुढे ढकलली जाते. ग्रीन कार्डाची रांग तशीच. ऑगस्टच्या मध्यावर नवा परवाना काढणे तिने आणि नवऱ्याने दोघांच्याही फोनवर टाकून ठेवले आहे. उद्या कोल्हापूरला परत जायचे ठरले तर हा खेळ तिथे तिच्याबरोबर जाणार नाही. नऊ मिलिमीटर हे भारतात प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) आहे. जाईल तो दोन हातांनी झाडायला शिकलेला नेम, आणि २५ मीटरवर पुन्हा एक हात खिशात.

वेगळे काय करता आले असते

वकिलाकडे आधी जाणे, भाड्याने झाडून मग विकत घेणे, साधे साहित्य घेणे, पहिल्या स्पर्धेत दोन सेकंद सोडून देणे. यातले काहीही मी बदलणार नाही.

क्रम मात्र बदलेन. आधी स्टील चॅलेंज, मग यूएसपीएसए. ज्यांनी ऑलिंपिक पद्धतीची नेमबाजी केली आहे त्यांना तर मी हे आग्रहाने सांगतो. धावणे, होल्स्टर, मॅगझिन बदलणे आणि नवी रेंज शिस्त हे सगळे एकाच सकाळी अंगावर आले की हात जुन्या सवयीकडे वळतो.

क्षचे स्वतःचे मत वेगळे आहे. तिच्या मते तिने स्पर्धा खेळण्याआधी एक-दोन स्पर्धांना नुसते मदतीला जायला हवे होते, पट्टा न बांधता. स्टेज उभारायच्या, भोके चिकटवायची, आज्ञा कानावर पडू द्यायच्या. ते मलाही पटते, पण नोकरी आणि लहान मूल असलेल्या माणसाला महिन्यातला एक शनिवार मिळवणेच जड असते, तिथे झाडायला न मिळणारे शनिवार मागणे सोपे नाही.

क्लबच्या बाजूने बदल झाला आहे. आता आम्ही ‘नवीन कुणी आहे का?’ असे विचारत नाही. या रेंजवर ज्यांच्या पाचपेक्षा कमी स्पर्धा झाल्या आहेत त्यांना हात वर करायला सांगतो, आणि दुसरीकडे कितीही वर्षे झाडले असले तरी प्रत्येकाला एक स्वयंसेवक सेफ्टी एरियापर्यंत चालत घेऊन जातो. तिथे उभे करून विचारतो : पिस्तूल कुठे काढणार? उत्तर त्या माणसाने स्वतःच्या तोंडाने द्यायचे असते. या कामाला सकाळी दहा मिनिटे जादा जातात. क्ष सध्या ते काम करते, आणि पुढच्या हंगामात रेंज ऑफिसरच्या अभ्यासक्रमाला नाव घालायचे तिच्या मनात आहे.